सोलापुरात महिनाभर राहून चित्रं काढायची, तर काढायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या एक बाई, बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, तेव्हापासून जलरंगाचा क्लास सुरू. यंदा डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांत उलटेपर्यंत सोलापूरला धाकट्या बहिणीकडे मुक्काम आहे. त्या विचारतात, सोलापुरात स्थळचित्रणाला जागा कोणत्या, एकट्या बाईने बाहेर बसलेलं चालतं का, चित्रं काढणाऱ्यांचा एखादा गट आहे का, आणि सामान काय काय आणू. खाली एक वाक्य जोडलंय: ‘बहीण म्हणते, इथे चादरी आणि धूळ सोडून काढण्यासारखं आहेच काय?’

ताई, त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो. बहिणीचं काही चुकलेलं नाही. ज्या गावात वर्षानुवर्षं भाजी आणली, लाइट बिलाच्या रांगेत उभं राहिलो, त्या गावात चित्र दिसेनासं होतं. मी इथल्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली, आणि त्यातली पहिली दहा वर्षं मीसुद्धा सुट्टी लागली की वाई नाहीतर नाशिक गाठत होतो. वाईचे घाट इतक्यांदा रंगवलेत की पायऱ्या डोळे मिटून मांडीन. ती चित्रं आज माळ्यावर आहेत आणि तिथेच बरी आहेत. वाई समोर असताना मी दुसऱ्यांनी काढलेली वाई आठवून काढत होतो. सोलापूरची तशी चित्रं फारशी कुणी काढून ठेवलेली नाहीत, त्यामुळे इथे नक्कल करायला काही हाती लागत नाही, झक मारत बघावं लागतं. तुमच्यासारख्या दोन वर्षं शिकलेल्या माणसाला याहून चांगली जागा मिळणार नाही.

आता जागा. तुम्हाला यादी हवी असणार, आणि मी ती देणार नाही. महिना हातात असला की माणूस तीस जागांचे बेत आखतो आणि तीस अर्धवट चित्रं घेऊन घरी जातो. तुम्ही दोनच जागा धरा. त्यातली एक सिद्धेश्वर तलाव, कारण तिथे किल्ला, पाणी, मंदिर आणि माणसं चारही गोष्टी एका नजरेत येतात. दुसरी तुमच्या बहिणीच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आतली कुठलीही. बोळ असो, गिरणी असो, चपलांच्या दुकानाची फळी असो. ती मी सांगून उपयोग नाही.

भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेला तळं आहे, म्हणजे सकाळचं ऊन पाण्यावरून सरळ तटावर पडतं. मंदिराच्या बाजूला बसून किल्ल्याकडे तोंड करा. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसातपासून नऊपर्यंतचा वेळ तुमचा. पहिल्या दिवशी तुम्ही तट काळा रंगवाल, कारण दगड काळा आहे हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी लक्षात येईल की साडेसातला तो काळा नाहीच. उन्हातली बाजू जवळजवळ गव्हाळ आहे, बुरुजाची वळलेली बाजू निळसर जांभळी, आणि खरा गडद रंग फक्त दोन चिऱ्यांमधल्या फटीत आणि जंग्यांमध्ये, म्हणजे बंदुकीसाठी तटात ठेवलेल्या भोकांमध्ये, आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही असं कराल: आधी सबंध तटावर यलो ऑकरमध्ये जरासा बर्न्ट सिएना घालून पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, द्याल आणि तो पूर्ण वाळू द्याल. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पॅलेटवर नीट न मिसळता, ब्रशवर अर्धे अर्धे उचलून, सावलीचा आकार एकाच दमात ठेवाल. दोन्ही रंग कागदावर एकमेकांत जातात, कुठे निळा वर येतो, कुठे तांबूस. तो दगड. ट्यूबमधला काळा घरी ठेवून या. चिरे मोजत बसू नका. पाच-सहा फटी दाखवल्या की बाकीचे चिरे बघणारा स्वतः मांडून घेतो.

पाण्याचं मात्र अगदी उलट. क्लासमध्ये शिकवतात तसं तळ्याला निळा देऊ नका. त्या वेळी तळ्यात तटाचं प्रतिबिंब असतं, म्हणून पाणी तटाच्याच रंगाचं, फक्त अर्ध्या छटेने उतरलेलं.

इथल्या हवेबद्दल ठाण्याच्या माणसाला आधीच सांगून ठेवायला हवं. सोलापूरचा हिवाळा म्हणजे पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा. सकाळी चौदा-पंधरा अंश, दुपारी तीसच्या आसपास, आणि हवा कोरडी ठणठणीत. ठाण्यात तुमचा वॉश वाळायला पंधरा मिनिटं घेत असेल, तर इथे दहा वाजल्यानंतर तो आकाशाच्या अर्ध्यातच वाळून कडेला रेघ धरतो. पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल हात बिघडला. हात नाही, हवा. त्यावर दोन उपाय. एक, कागद दोन्ही बाजूंनी ओला करून ऍक्रिलिकच्या शीटवर चिकटवा, खालून ओल राहते आणि वेळ मिळतो. दुसरा, पाण्याच्या भांड्यात ग्लिसरीनचे दोन थेंब. दोनच हं. माझ्या एका मित्राने चमचाभर घातलं, ते चित्र संध्याकाळपर्यंत चिकट होतं आणि त्यावर तळ्यावरची चिलटं कायमची बसली.

एकट्या बाईने बसण्याबद्दल. सकाळी तळ्याकाठी, मंदिराच्या वाटेवर काहीच अडचण नाही, वर्दळ असते. पाठीशी भिंत घ्या, म्हणजे मागे घोळका उभा राहत नाही. फुलं विकणाऱ्या मावशींच्या शेजारी जागा धरा आणि पहिल्या दिवशी त्यांना विचारून बसा. चौथ्या दिवशी त्याच तुमची जागा राखून ठेवतील आणि पोरांना हाकलतील. भर दुपारी सुनसान कोपऱ्यात बसू नका, तसाही त्या वेळी उजेड सपाट असतो. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत स्टँड लावायचं असेल तर दारावर आधी विचारा. मांडीवर वही असेल तर सहसा कुणी हटकत नाही.

लोक बोलायला येणारच, त्याची तयारी ठेवा. ‘किती मिळतंय ह्याला?’ हा पहिला प्रश्न. ‘आमचा बी काढा की’ हा दुसरा. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी अशा चार भाषांत हेच दोन प्रश्न येतात. उत्तर लांबवायचं नाही, हसायचं आणि ब्रश चालू ठेवायचा. पण एखादं म्हातारं माणूस न बोलता पाच मिनिटं उभं राहिलं तर मान वर करून बघा. एकदा एक आजी अशाच उभ्या होत्या. मंदिराचं शिखर मला जमत नव्हतं, तीनदा पुसून झालं होतं. त्या कानडीत म्हणाल्या, ‘छलो ऐतरी,’ म्हणजे चांगलं आहे, आणि मग बोटाने हवेत शिखराचा बाक काढून दाखवला. माझा चुकला होता, त्यांचा बरोबर होता. त्या ते शिखर जन्मभर बघत आल्या होत्या.

आता गट. आहे. दर रविवारी सकाळी आम्ही पाच ते पंधरा जण कुठेतरी बसतो. नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. फार पूर्वी हे सगळं होतं. अध्यक्ष कोण यावर दीड वर्ष भांडण झालं आणि त्या काळात एकाही माणसाने एकही चित्र काढलं नाही. आताच्या मंडळींत एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, एक दाताचे डॉक्टर, कॉलेजच्या दोन मुली, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करणारी शाळेतली पोरं, आणि एक पेंटरमामा. मामा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर तो धंदा बसला, आता फ्रेमचं दुकान चालवतात. पण एका ब्रशमध्ये, वर न उचलता, ‘श्री’ काढणारा त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्याकडून शिकायचं असेल तर चित्र दाखवू नका, ब्रश कसा धरायचा ते विचारा.

आणि एक आहेत पूर्व भागातले नक्षीकार. बहिणीला त्यांची ओळख मुद्दाम करून द्या, कारण चादरीच्या बाबतीत तिचा गैरसमज आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी विणण्याआधी कुणीतरी काढलेली असते. आता ते काम संगणकावर होतं, पण या गृहस्थांनी उमेदीची वर्षं चौकटीच्या कागदावर काढली. जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागासाठी एकेक घर भरायचं, भरलेलं घर म्हणजे धागा वर, मोकळं म्हणजे खाली, आणि त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पडायची. मोराची मान गोल दिसते ती लांबून. जवळून ती पायऱ्यापायऱ्यांची असते. ते आमच्यात आले तेव्हा त्यांची झाडंही पायऱ्यांची होती, कडा कापल्यासारख्या. मी मास्तरकी करत म्हणालो, कडा जरा सोडा, विरघळू द्या. ते म्हणाले, ‘मास्तर, धाग्याला अर्धं घर नसतंय. एकतर हाय, नाहीतर नाही.’ त्या वाक्यावर मी आठवडाभर विचार करत होतो. जलरंगवाल्यांची खोड अशी की जिथे ठरवता येत नाही तिथे कड ओली करून सोडून द्यायची आणि तिला तरलता म्हणायचं. तेव्हापासून कड सोडायची तर ठरवून सोडतो, नाहीतर कापतो. आता त्यांची झाडं मऊ झालीत आणि माझे बुरुज कडक.

रविवारी साडेसातला सुरू, साडेदहाला हात थांबवायचे. मग सगळी चित्रं कट्ट्यावर ओळीने लावतो आणि दहा पावलं मागे जातो. नियम एकच: ‘छान’ म्हणायचं नाही. नजर आधी कुठे गेली एवढंच प्रत्येकाने सांगायचं. ज्याचं चित्र त्याने शेवटी बोलायचं. नवीन माणसाला हे दहा मिनिटं जड जातं, कारण तुम्ही मंदिर काढलेलं असतं आणि सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या स्कूटरवर गेलेली असते. नंतर चहा आणि सुशीला, म्हणजे फोडणी दिलेले भिजवलेले चुरमुरे, वर्गणी जमेल तशी. कुणी विचारल्याशिवाय कुणाच्या कागदावर ब्रश टेकवायचा नाही, हे मलाही लागू आहे आणि मी ते दोनदा मोडलंय.

प्रदर्शनाच्या भानगडीत मात्र या महिन्यात पडू नका. एका वर्षी आम्ही रीतसर हॉल घेतला होता. पिवळे दिवे, डोक्यावर घरघरणारे पंखे, चित्रं भिंतीवर फटफट आपटतायत. तीन विकली गेली. दोन आमच्याच मेव्हण्यांनी घेतली. आता मन झालं की कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोरी बांधतो, कपड्यांचे चिमटे लावतो, आणि खाली किंमत न लिहिता चित्राची जागा लिहितो. लोक आपापला बोळ शोधत येतात. ‘हे आमचंच दार’ असं म्हणून भांडतातसुद्धा.

सोलापुरात कलाकार आहेत का, असा प्रश्न बाहेरचे विचारतात तेव्हा मी मुंबईच्या शेअर बाजारासमोरच्या बैलाचं उदाहरण देतो. तो काशाचा बैल आमच्या सोलापूरच्या भगवान रामपुरे यांचा. चित्रकार एम. एफ. हुसेन जन्मले तेही याच जिल्ह्यात, पंढरपुरात. पण हे सांगून झालं की वाटतं, उगाच सांगितलं. महिनाभर इथे येऊन तुम्हाला भेटणार आहेत ते कंडक्टर आणि पेंटरमामा.

आता गड्ड्याबद्दल, कारण तुमच्या तारखा ऐन त्यावर येतायत. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीच्या दिवसांत भरते, होम मैदानावर जत्रा लागते, तिलाच आम्ही गड्डा म्हणतो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. यात्रेच्या पहिल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेललेल्या उंच मानाच्या काठ्या, बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघून त्या लिंगांच्या तैलाभिषेकाला जातात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा, कुंभार कन्येचा सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी झालेला विवाह. त्यानंतर होम, मग शोभेचं दारूकाम. तैलाभिषेक १२ किंवा १३ जानेवारीला येतो, आणि १२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. १९३१ साली त्याच तारखेला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली. त्या दिवसांत गावाच्या मध्यात रिक्षा मिळेल या भरवशावर निघू नका.

अक्षतेला रंग घेऊन जायचं नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. तरुणपणी स्टँड, बोर्ड, पाण्याचा डबा, सगळा सरंजाम घेऊन मी सकाळीच एका कट्ट्याला जागा धरली होती. गर्दी वाढली, मागून रेटा आला, आणि अल्ट्रामरीनचं पाणी समोरच्या माणसाच्या कोऱ्या पांढऱ्या बाराबंदीवर, म्हणजे बंद बांधायच्या अंगरख्यावर. खांद्यापासून कमरेपर्यंत निळे शिंतोडे. वर्षाचा सण, माणूस नंदीध्वजाबरोबर चाललेला. मला वाटलं आता मार खातो. त्याने मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला, दिसली नाही, म्हणाला, ‘असू द्या, देवाचं काम हाय,’ आणि पुढे गेला. दिवसभर ते निळे ठिपके गर्दीत मला दिसत राहिले. पण त्या ठिपक्यांनीच पांढऱ्याचं कोडं सोडवलं. हजारो पांढरे कपडे उन्हात असतात तेव्हा पांढरं रंगवायचं नसतं, कागद तसाच राखायचा असतो. फक्त काखेखाली, कमरेच्या चुणीत, एका माणसाची सावली दुसऱ्याच्या पाठीवर पडते तिथे फिका निळा-करडा रंग ठेवायचा. दहा-बारा सावल्या पडल्या की शंभर माणसं उभी राहतात.

म्हणून गड्ड्यात खिशात मावेल एवढी वही आणि एक मऊ पेन्सिल, बस. नंदीध्वजाची उंची माणसांच्या तुलनेत किती ते आधी टिपा, नवखा माणूस हमखास तो आखूड काढतो. पेलणाऱ्याची कंबर कशी मागे जाते ते टिपा. बाकीचं घरी येऊन आठवणीतून. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या सोलापुरातल्या प्रत्येक पोराने ‘जत्रा’ या विषयावर एकदा तरी स्मरणचित्र काढलंय, आणि प्रत्येकाच्या जत्रेत पाळणा असतो नि पुढ्यात फुगेवाला असतो. तुमच्या चित्रात फुगेवाला नसला तर मला आनंद होईल.

गावाबाहेर एकदाच जा. हत्तरसंग कुडल, जिथे भीमा आणि सीना मिळतात. तिथलं ३५९ मुखांचं शिवलिंग आणि शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख बघा, पण रंगवायला संगमाच्या काठाला बसा. नळदुर्गचा धबधबा हिवाळ्यात नसतो, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका. हुरड्याला कुणी बोलावलं तर मात्र सोडू नका. आगटीचा धूर सुटतो, कणसं भाजतात, कुणीतरी तळहातावर चोळून गरम दाणे हातात ठेवतं आणि शेंगाचटणी पुढे सरकवतं. त्या वेळी ब्रश धरणं हा वेडेपणा आहे. चित्र आधी, उन्हं चढायच्या आत. ज्वारीच्या शेताला बाटलीतला हिरवा चालत नाही. ती हिरवाई करडी असते, अल्ट्रामरीनमध्ये यलो ऑकर घातला की साधारण जवळ जाते.

सामान कमी आणा. कागद मात्र ठाण्याहूनच, ३०० जीएसएमचा, सुती, पाव आकारात कापलेला. तीस तुकडे पुरे. रंग सहा. एक मोठा गोल ब्रश, एक चपटा, एक बारीक, आणि बारीक शक्यतो पिशवीतच राहू द्या. बोर्ड, क्लिपा, मास्किंग टेप इथे मिळतं. टोपी हवी, काळा गॉगल नको, त्यातून छटा खोट्या दिसतात. फोल्डिंग स्टूल आणायची गरज नाही. बहिणीकडची एखादी जुनी चादर चौपदरी करून घ्या, दगड सकाळी गार असतो.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने याल तर पहिल्या दिवशी झोपा. पहिल्या रविवारी साडेसातला तळ्याकाठी, मंदिराच्या वाटेवर फुलवाल्या मावशींच्या डाव्या हाताला आम्ही असू. बहिणीलाही घेऊन या. काढणारे पुष्कळ आहेत, ‘नजर आधी कुठे गेली’ हे खरं सांगणारं माणूस आम्हाला कधीचं हवंय.